हौसाक्का आणि नक्कल न करणारी पोर

आधीच माफी मागून ठेवते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर म्हणजे साखरेच्या डब्यातून पळालेल्या मुंग्या, आणि वेलांटी कुठली द्यायची ते मी भाजीत मीठ घालते तसं अंदाजाने ठरवते. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण घरात माणसं आहेत, कागद उघडा राहिला तर कुणीतरी वाचणारच. चुका माझ्या आहेत, बाकी सगळं हौसाक्काचं.

लिहायला बसले ते तिच्या दहाव्यामुळे. आमच्याकडे दहाव्याला नदीवर भाषणं होतात. माइक असतो, सतरंज्या असतात. गेलेल्या माणसाला जन्मभर टाळून दुसऱ्या गल्लीने जाणारे लोक पहिल्या रांगेत बसतात. एक पुढारी उठले आणि म्हणाले, "आक्कांनी आयुष्यात कधी कुणाची थट्टा केली नाही. कुणाचं मन दुखवलं नाही."

सगळ्यांनी माना हलवल्या. समोर बसलेल्या बायांमध्ये एकही अशी नव्हती, जिचं चालणं-बोलणं हौसाक्काने भर मांडवात करून दाखवलं नव्हतं. मला हसू आलं, मी पदर तोंडाला लावला. शेजारणीला वाटलं मी रडतेय, तिने पाठीवरून हात फिरवला. मग मला खरंच थोडं रडू आलं. हौसाक्का असती तर तिने ते भाषण घरी पोचेपर्यंत उचललं असतं, माइकवर टिचकी मारून "हॅलो, हॅलो" करण्यापासून.

इतकी चांगली बाई ती नव्हती. म्हणून लिहिते.

आमच्या भाजे गावात तिचं घर आमच्या बरोबर समोर. तिचं लग्न, तिची मुलं, तिची भातखाचरं हे सगळं चार जणींसारखंच होतं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. शनिवार-रविवारी लेणी बघायला येणाऱ्या लोकांना ती भाजलेली कणसं विकायची. कणसं बाकीचेही विकायचे. पण हौसाक्काचं लक्ष कणसाकडे कमी आणि माणसांच्या पायांकडे जास्त असायचं. ती म्हणायची, "आदी पाय बगायचे. तोंड कुनालाबी बनवता येतं. पाय न्हाई बनवता येत." कणीस जळायचं. गिऱ्हाईक ओरडायचं. हौसाक्का त्याचं ओरडणंही ठेवून घ्यायची.

मग कुठल्याही लग्नाच्या हळदीच्या संध्याकाळी हे सगळं बाहेर निघायचं. बाया गोल करून बसायच्या आणि म्हणायच्या, "आक्का, उटा की." हौसाक्का म्हणायची, "न्हाई गं बायांनो, आज लय अंग दुकतंय." बाया परत म्हणायच्या. ती परत अंग दुखवायची. कधी चुकून बायांनी आग्रह करणं थांबवलं, की घाबरून आपणच उठायची.

लेण्यांच्या पायऱ्या उतरणारी शहरातली बाई, एका हातात चप्पल आणि एका हातात मोबाईल, ती करायची. ग्रामपंचायतीत बोलताना दर वाक्याला चष्मा काढणारे अण्णा करायची. भाकरी थापणारी नवी सून करायची, आणि लगेच उलटं फिरून त्या भाकरीकडे बघणारी सासू करायची. हसून हसून बायांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. जिची नक्कल चाललीय तीसुद्धा हसायची, कारण न हसणारीची पुढच्या लग्नात परत व्हायची.

माझीही केली होती. मी मुळात लाजरी. आमच्याकडे पाहुणे आले की मी दाराआड उभी राहते आणि चहाची कपबशी फक्त हाताने बाहेर सरकवते. हौसाक्काने कुणाच्या तरी हळदीत मांडवाच्या खांबाआड उभं राहून नुसता एक हात बाहेर काढला, हातात रिकामी वाटी, थरथरत. काही बोलली नाही. सगळा मांडव म्हणाला, "सुमन!" मी शरमेने उठून स्वयंपाकघरात गेले. बाहेर आणखी मोठा हशा झाला. कारण नकलेचा पुढचा भाग तोच होता.

स्वतःविषयी तिचं मत फार वरचं होतं. "लोनावळ्याचा एक नाटकवाला मला न्यायला आलता, पन सासऱ्यानी सोडलं न्हाई," असं ती सांगायची. तो नाटकवाला पुढे सिनेमावाला झाला, मग बंगल्यावर शूटिंगला आलेला डायरेक्टर झाला. सासरा मात्र दर वेळी तोच राहिला आणि दर वेळी आडवा आला.

आमच्या आळीतल्या प्रत्येक बाळाला हौसाक्कासमोर हजेरी द्यावी लागायची. बाळ बसायला लागलं की ती समोर मांडी घालायची. जीभ बाहेर काढायची, टाळ्या वाजवायची, "बाप्पाला जय कर" म्हणून हात जोडायची. शेवटी तिचा हुकमाचा एक्का: त्या घरातला म्हातारा कसा खोकतो ते करून दाखवायची. बाळ आधी बघत बसायचं, मग हळूच "ख्यॅक" करायचं. घर हसायचं, म्हातारा चिडायचा, आणि हौसाक्का असं उठायची की जणू ते बाळ तिनेच बोलतं केलंय. हे सगळ्याच घरांत चालतं, पाहुणा आला की बाळाने टाटा करून दाखवायचा असतो. फक्त हौसाक्का त्याला परीक्षा समजायची, आणि परीक्षा बाळाची नव्हे, तिची स्वतःची.

या परीक्षेत ती आमच्या शिवन्याकडून नापास झाली.

शिवन्या म्हणजे शिवू, माझी नात. माझा मुलगा संदीप तळेगावला कंपनीत आहे. सून प्रियांका वराळ्याची, बारावी झालेली, नीटनेटकी. शिवू त्यांची पहिली मुलगी. दिसायला अशी की रस्त्यावरची अनोळखी बाई थांबून गाल ओढायची. आणि शांत. रडणं नाही, हट्ट नाही, कडेवर घ्या म्हणणं नाही. डब्याचं एक झाकण दिलं की ते फरशीवर भोवऱ्यासारखं फिरवत दुपार काढायची. सगळ्या नातेवाइकांत तिचं कौतुक. "घरात पोरगी हाय का न्हाई, कळतबी न्हाई," असं लोक म्हणायचे, आणि हे म्हणजे मोठं बक्षीस दिल्यासारखं म्हणायचे. मुलगा इतका गप्प असता तर दोन दिवसांत चार माणसं जमली असती. मुलगी गप्प म्हटल्यावर सगळ्यांना ती वळणाची वाटली. दीड वर्षाची झाली तरी एक शब्द नव्हता, तर त्यालाही उत्तर तयार होतं: "आजीवर गेलीय. सुमन तरी कुटं बोलती?"

म्हणजे माझी लाज आमच्या घरात अशी कामाला आली.

हौसाक्का काही महिने मुलीकडे होती, ती परत आली आणि दुसऱ्याच दिवशी हजेरी घ्यायला बसली. जीभ काढली. शिवू झाकण फिरवत होती. टाळ्या वाजवल्या. शिवू झाकण फिरवत होती. हौसाक्काने जय केला, कावळा केला, मांजर केलं. माझ्या नवऱ्याचा खोकला तर इतका हुबेहूब काढला की आतून त्यांनी विचारलं, "कोन आलंय?" शिवूने मान वर केली नाही. हौसाक्काला घाम फुटला. ती जागेवरून उठली, शिवूच्या समोर वाकली, मग बाजूला गेली, मग गुडघ्यावर येऊन तोंड अगदी जवळ नेलं. शिवूने तिचं तोंड हाताने बाजूला केलं. आपण पडदा सारतो तसं. पडद्याच्या मागचं झाकण तिला बघायचं होतं.

मला वाटतं तेवढा अपमान त्या सासऱ्यानेही केला नसेल.

"झोप आली आसंल तिला," मी म्हणाले.

"झोप न्हाई आली," हौसाक्का म्हणाली. "पोर मला मोजत न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली. तिसऱ्या दिवशीही. तिला काळजी होती असं मी लिहिणार नाही, ते नदीवरच्या भाषणात शोभतं. तिला राग होता. दीड वर्षाच्या पोरीवर रुसलेली म्हातारी मी पहिल्यांदाच पाहिली.

आधी तिने निकाल दिला की पोर बहिरी आहे. शिवूच्या पाठीमागे उभी राहून तिने ताटलीवर पळी बडवली. शिवू हलली नाही. हौसाक्का विजयी चेहऱ्याने आमच्याकडे बघत होती, तेवढ्यात आतल्या खोलीत प्रियांकाने बिस्किटाचा पुडा फोडला. शिवू झाकण टाकून आत पळाली. हौसाक्काच्या हातात पळी तशीच राहिली. मग दोन दिवस ती म्हणत होती की पोर मुद्दाम करते. मग म्हणाली दृष्ट लागली, मीठ-मिरच्या ओवाळा. ओवाळल्या. सगळं घर शिंकलं, शिवू सोडून.

या बाईला आधीपासून सगळं समजत होतं, असं पुढे गाव म्हणायला लागलं. तसं काही नव्हतं. ती चुकत चुकत आली.

मग एका रविवारी संदीप घरी असताना ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "सुमे, एक सांगते, राग धरू नगं. ही तुज्यावर न्हाई गेली."

"म्हंजी?"

"तुजी नक्कल मी तू नवरी म्हनून आलीस तवापासनं करते. तू लाजतीस. लाजनारं मानूस चोरून बगतं. खाली मान घालून कुनाची साडी कशी, कोन कुनाकडं बगून हसलं, समदं टिपून घेतं. माज्यापेक्षा तू जास्त बगतीस, फक्त करून दावत न्हाईस. ही पोर चोरून बी बगत न्हाई. मानसाच्या तोंडात काय असतं हेच तिला ठावं न्हाई. हे लाजनं न्हाई गं. हे दुसरंच कायतरी हाय."

आत प्रियांका भांडी घासत होती, ती हात न धुताच बाहेर आली. "आक्का, दीड वर्षाची आहे ती. तुमच्यासारखं तमाशात काम करायचंय का तिला? तुमची नक्कल केली नाही म्हणजे लगेच तिच्यात खोट?"

"खोट कोन म्हनतंय? मी म्हनते दाकवून आना."

"दाखवलंय," संदीप म्हणाला. दाखवलं होतं खरं. लोणावळ्यातल्या एका दवाखान्यात तापासाठी नेली होती तेव्हा बोलण्याचं विचारलं होतं. डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले होते, "मुलगे बोलतात उशिरा." प्रियांका म्हणाली होती, "मुलगी आहे." तर म्हणाले, "मग बोलेलच की."

"आणि मी पण उशिराच बोललो," संदीप पुढे म्हणाला. "तीन वर्षांचा होईपर्यंत गप्प होतो. आई, सांग की."

हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. शिवूच्या गप्प असण्यावर नातेवाइकांनी जे जे बोलून ठेवलं होतं, त्यातच कुठूनतरी हे उगवलं होतं आणि सगळ्यांना खरं वाटायला लागलं होतं. मला आठवत होतं. संदीप वर्षाचा व्हायच्या आत बोलायला लागला होता. पायरीवर उभा राहून एसटीच्या कंडक्टरसारखा "चला चला चला" ओरडायचा, आणि आळीतल्या म्हाताऱ्यांची दुपारची झोप मोडायचा.

सगळे माझ्याकडे बघत होते. मला असं बघितलेलं सहन होत नाही. मी फरशीकडे बघून म्हणाले, "तू वर्साच्या आत बोललास."

प्रियांकाच्या हातावरून साबणाचं पाणी गळत होतं. ती आत गेली. त्या रात्री ती जेवली नाही, आणि सकाळी संदीपला म्हणाली, "तळेगावला मुलांच्या डॉक्टर आहेत. नंबर लाव."

हौसाक्काला कुणी बोलावलं नव्हतं. आम्ही मळवली स्टेशनवर पोचलो तर ती नवं लुगडं नेसून बाकावर बसलेली. "मला तळेगावात काम हाय," म्हणाली. काय काम ते लोकलमध्ये विचारलं तर खिडकीबाहेर बघायला लागली.

तळेगावच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, प्रियांकाएवढ्याच. टेबलाच्या मागे बसल्या नाहीत, खाली चटईवर बसल्या. आधी त्यांनी कानाची तपासणी करून आणायला लावली, ती ठीक निघाली. मग शिवूसमोर दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटले आणि तिच्या हातात दिले. शिवूने ते चाटून खाली ठेवले. बाईंनी एक रिकामा कप डोक्यावर ठेवला, "अरे पडला!" म्हणून पाडला, आणि कप शिवूपुढे सरकवला. शिवूने कप आडवा केला आणि गोल फिरवला. तेवढ्यात मागे काहीतरी पडलं. हौसाक्काने कोपऱ्यातला दुसरा कप आपल्या डोक्यावर ठेवून पाडला होता.

"आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला छान जमलं. आता तिला करू द्या."

पुढे त्या प्रश्न विचारायला लागल्या. हवी ती वस्तू बोटाने दाखवते का? हाक मारली की बघते का? बाहुलीला भरवते का? टाटा करते का? प्रत्येकाला प्रियांका म्हणायची, "करते. म्हणजे कधी कधी करते. मनात असलं की करते." शेवटी बाईंनी विचारलं, "शेवटचं कधी केलं?" प्रियांकाने तोंड उघडलं आणि मिटलं. हौसाक्का तिच्याकडे बघत होती. मला भीती वाटली की आता ही प्रियांकाची नक्कल करते. नाही केली. तिच्या आयुष्यात तिने हातची सोडलेली तेवढी एकच असेल.

मग बाईंनी सांगितलं. अजून एकदोन वेळा बघावं लागेल, पण ऑटिझमची लक्षणं दिसतायत, मराठीत स्वमग्नता म्हणतात. हे आईच्या मोबाईलमुळे होत नाही, ग्रहणामुळे होत नाही, कुणाच्या नजरेनेही नाही. मेंदूची घडणच वेगळी असते. मुलं शिकतात ती दुसऱ्याचं बघून, करून. चमचा धरणं तसंच, शब्दही तसाच. हिचं ते बघून करणंच सुरू झालेलं नाही. "दोन वर्षांच्या आत आलात, चांगलं झालं. मुलींच्या बाबतीत लोक फार उशिरा येतात. शांत आहे, गुणी आहे म्हणत चार-पाच वर्षं घालवतात. तोपर्यंत शिकवणं जास्त अवघड होतं."

संदीपने विचारलं, "औषध?"

"औषध नाही. रोज खेळायचं. आणि आधी तिने तुमची नक्कल करायची नाही, तुम्ही तिची करायची. ती झाकण फिरवते, तुम्ही शेजारी बसून दुसरं झाकण फिरवा. ती थांबली की थांबा. तुम्ही तिच्यासारखं काहीतरी करताय हे तिच्या लक्षात येऊ द्या."

प्रियांका रडत होती, संदीप भिंतीकडे बघत होता, मी शिवूचे बूट शोधत होते. आणि हौसाक्का सरकारी नोकरीची ऑर्डर मिळाल्यासारखी ताठ बसली होती.

गावात पोचायच्या आत तिने लोकलमधल्या दोन अनोळखी बायांना सांगितलं, "डॉक्टरीनबाईंनी मला कामाला लावलंय."

काम तिला अजिबात जमलं नाही. पहिल्या दिवशी शिवूने झाकण फिरवलं, हौसाक्काने फिरवलं. शिवूने परत फिरवलं, तर हौसाक्काने फिरवून वर डोळे फिरवले, मान फिरवली, चक्कर आल्याचं सोंग करून आडवी पडली. सवयच ती. कुणी हसेल म्हणून तिने आजूबाजूला बघितलं. शिवू आपलं झाकण घेऊन दुसऱ्या खोलीत गेली होती.

पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "आजी, वाढवायचं नाही. ती करते तेवढंच, तसंच. आणि मध्ये हसवायचं नाही कुणाला."

हौसाक्काला जन्मठेप झाली. समोर बघणारे नाहीत, मीठ-मसाला लावायचा नाही, आणि जिची करायची तिला कळतही नाही की आपली चाललीय. पण ती यायची. दुपारची भांडी झाली की यायची, गुडघ्याला हात लावून फरशीवर बसायची आणि झाकण फिरवायची. उठताना तिला मी ओढून उभी करायचे. "ह्या पोरीला मी बगायला लावनार," म्हणायची. प्रेमाने नव्हे, पैज लावल्यासारखं.

प्रियांका आणि संदीपही बसायचे. पण दिवसभर राबून बसलेल्या आईबापांचा डोळा लागतो. हौसाक्काचा नाही लागायचा. तिची कला पणाला लागली होती.

बाकी गाव सल्ले देत होतं. कुणी देवरुषी सांगितला, कुणी गाढविणीचं दूध. प्रियांकाची आई वराळ्याहून आली आणि दार लावून म्हणाली, "कुणाला सांगू नका. उद्या दुसरी झाली तर तिच्या लग्नात आडवं येईल." जी झालीच नव्हती तिच्या लग्नाची काळजी झाली, आणि जी समोर होती ती झाकण फिरवत राहिली. हौसाक्का हे सगळं कोपऱ्यातून ऐकायची. पुढच्या हळदीत तिने 'सल्ला देणारी बाई' काढली: डोक्यावरचा पदर सारखा करत येणारी, आधी चहा पिणारी, मग पोरीकडे बघून च्च च्च करणारी, मग आईच्या कानाशी लागून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं बोलणारी. ज्या ज्या बाया आमच्याकडे येऊन गेल्या होत्या, त्या सगळ्या पोट धरून हसल्या. एकमेकींना कोपराने ढोसून म्हणत होत्या, "ही ती हाय, न्हाई का?" आपणच ती, हे एकीलाही वाटलं नाही.

आणि मग एका दुपारी शिवूने झाकण हाताखाली दाबून थांबवलं. हौसाक्काने थांबवलं. शिवूने फिरवलं, लगेच थांबवलं. हौसाक्कानेही. शिवूने हौसाक्काच्या झाकणाकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे, मग बांगड्यांवरून वर वर येत तिच्या तोंडाकडे. चांगलं बघितलं, जत्रेत बघतात तसं.

मी दारातून बघत होते.

हौसाक्का ओठ न हलवता म्हणाली, "सुमे, माजं कुकू नीट हाय का गं? पोर बगतीय."

तेव्हापासून शिवू बघायला लागली. हाक मारली की कधी वळायची. पण करून काही दाखवत नव्हती. टाळी नाही, जय नाही. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "बघणं आलं ना, मग करणं येऊ शकतं. कधी ते नाही सांगता येत." प्रियांका रोज टाळ्या वाजवायची. घरात कुणाचं काहीही झालेलं नसताना आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो.

त्या वर्षी थंडीत हौसाक्का काही दिवस गायब झाली. लेकीकडे गेली, असं तिच्या घरचे म्हणाले. परत आली तेव्हा तिच्या तोंडात पांढरेशुभ्र, एकसारखे, थोडे मोठेच दात होते. लोणावळ्याला जाऊन तिने सगळे दात काढून कवळी बसवली होती. सगळ्यांना दिसत होतं आणि कुणाची बोलायची हिंमत नव्हती. कवळी सैल होती. जोरात बोलली की वरच्या दातांची पाटी घसरायची. मग हौसाक्का पदर तोंडापुढे धरून अंगठ्याने ती वर ढकलायची, "टक्" असा बारीक आवाज यायचा, आणि ती पुढे बोलायला लागायची. गावाची सगळी गुपितं जिने चव्हाट्यावर मांडली, तिचं हे एक गुपित सगळं गाव सांभाळत होतं. दयेने नाही. भीतीने.

संक्रांतीला प्रियांकाने घरी हळदीकुंकू ठेवलं. आक्काची ती शेवटचीच संक्रांत. पाऊस सरता सरता ती झोपेत गेली. पण त्या दिवशी घर बायांनी भरलं होतं, वाण वाटून झालं होतं, आणि हौसाक्का चष्मा काढणारे अण्णा करत होती. शिवू भिंतीला टेकून बसली होती. अण्णांचं भाषण रंगात आलं, हौसाक्काने आवाज चढवला, आणि पाटी घसरली. पदर. अंगठा. टक्.

शिवू उठली. बायांच्या मांड्यांवरून वाट काढत मधे आली. हौसाक्काच्या समोर उभी राहिली, तिच्या तोंडाकडे बघितलं. मग आपला फ्रॉक एका हाताने वर उचलून तोंडापुढे धरला, दुसऱ्या हाताचा अंगठा वरच्या दातांना लावून ढकलला, आणि जिभेने म्हणाली, "टक्."

इतक्या बाया असून बांगडी वाजली नाही.

प्रियांकाचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. तिला आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती, दोन्हींतलं आधी काय करावं कळेना. "शिवू," ती पुटपुटली, "आजीला असं नाही करायचं..."

"गप गं!" हौसाक्का अशी ओरडली की पाटी परत घसरली. "कोन न्हाई म्हनतंय तिला? हात लावू नगं पोरीला!"

तिने पदर खाली टाकला. सगळ्यांना दिसेल असा अंगठा लावला. टक्. शिवूने केलं. टक्. परत. टक्. मग हौसाक्काने तोंडात हात घातला आणि आख्खी पाटी काढून तळहातावर ठेवली. गाल आत गेले, नाक हनुवटीला भेटायला आलं, क्षणात ती शंभर वर्षांची दिसायला लागली. शिवूने तोंडात हात घातला आणि आपले दात ओढून बघितले. निघेनात. तिने जोर लावला, भुवया आवळल्या, परत ओढले. बायांना हसू आवरेना. हसत होत्या, डोळे पुसत होत्या, आणि प्रियांका त्यांच्यामध्ये जमिनीवर बसून हुंदके देत होती. मी दाराआड होते, दाराआडच राहिले.

निघताना एका बाईला शेवटी धीर आला. ती म्हणाली, "आक्का, दात कवा बसवले वो? बगू तरी कसे बसवतात."

हौसाक्काने बोळक्या तोंडाने तिच्याकडे बघितलं. सगळे शब्द तिच्या तोंडातून लापशीसारखे निघाले, पण ऐकू नीट आले.

"मला काय इचारतीस? हिला इचार. ती दावंल करून."

बाई हसत शिवूसमोर वाकली. शिवूने तिच्याकडे बघितलं नाही. ती आक्काच्या तोंडाकडे बघत होती, फ्रॉक वर धरून, अंगठा दाताला लावून, आक्का कधी सुरू करते याची वाट बघत.